आकाशनागाचा दात

"आला! आला! फेस आला!"

तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. त्यामुळे पाठीमागच्यांना काही दिसेना, म्हणून पाठीमागची मंडळी सोफ्यांवर चढली. सोफे विक्रीचे होते. फर्निचरचं हे दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, मालक न खपलेला माल तिथेच टाकून गेला, आणि आता त्या प्लॅस्टिकच्या आवरणातल्या सोफ्यांवर दर शनिवारी आणि रविवारी सकाळी भक्तमंडळी चुरचुर आवाज करत बसायची. भिंतीवरची जुनी पाटी कुणी काढली नव्हती. "एकदा बसून तर पाहा!" असं तिच्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि लोक बसून पाहत होते.

समोर आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं. त्यामागे भगवं नाही, पांढरं नाही, तर आकाशी रंगाचं रेशमी वस्त्र पांघरून दंतगुरू उभे होते. टेबलावर काचेचा ग्लास, ग्लासात पाणी आणि पाण्याच्या तळाशी अंगठ्याएवढा एक त्रिकोणी दात. त्या दातातून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या, आणि कोपऱ्यावरचे शिंपीकाका, ज्यांनी आत्ताच त्या पाण्यावर तीनदा फुंकर मारली होती, स्वतःच्या गुडघ्यांकडे संशयाने बघत होते.

"बघा, किती विष होतं ह्यांच्या अंगात!" दंतगुरू माइकमध्ये म्हणाले. "लाखो वर्षांपूर्वी आकाशनाग विजेवर बसून चालला होता. खाली मानवाची दुःखं दिसली. त्याला रडू आलं. पण नागाला अश्रू नसतात! मग त्याने काय ढाळलं? दात ढाळले! हे विज्ञान आहे. शास्त्रज्ञांना सगळं ठाऊक आहे, फक्त ते चारचौघांत बोलत नाहीत."

टाळ्या पडल्या. रबरी हातमोजे घातलेले दोन सेवक धावत आले, ग्लास उचलला आणि मागच्या दाराने गटारात रिकामा करून आले. तो इथला कडक नियम होता. रोग्याचं विष उतरलेलं पाणी कुणी प्यायचं नाही, त्यात बोट बुडवायचं नाही. मग एका धडधाकट सेवकाने दुसऱ्या ग्लासावर फुंकर मारली, त्यात दुसरा दात पडला, आणि एकही बुडबुडा आला नाही. निरोगी माणसाचं विष कुठून येणार? पुन्हा टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेत डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. वय बासष्ट. अडतीस वर्षं त्यांनी गावाचे दात काढले, भरले, घासले, आणि दवाखाना बंद केल्यावर त्यांना करमेना, म्हणून त्या दगडांतले दात काढू लागल्या. गावाबाहेर चुनखडीची खाण होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, समुद्रात शार्क होते, आणि शार्कचे दात पडले की पुन्हा येतात, पुन्हा पडतात; एका जन्मात हजारोंनी. सांगाडा हाडांचा नसतो, मऊ कूर्चेचा असतो, तो विरघळून जातो. दात तेवढे उरतात. बाईंच्या घरात जुन्या दवाखान्याच्या खणांमध्ये असे चौदाशे दात नंबर घालून ठेवलेले होते. तेव्हा आकाशनागाचा दात दुरून पाहताच तो कुठल्या खाणीच्या कुठल्या थरातला, हे त्यांनी मनातल्या मनात सांगून टाकलं होतं.

त्या इथे आल्या होत्या ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा चौदा वर्षांच्या ताईने आठ वर्षांच्या धाकटीला वाढवलं. आता दोघी एकाच घरात राहायच्या, भांडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत. ताईला मधुमेह होता, आणि महिन्यापूर्वी तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. ती भरत नव्हती.

"पुढे या, मावशी!" दंतगुरूंनी हाक दिली आणि ताई लंगडत टेबलापाशी गेली. ही तिची पाचवी खेप. तिने पर्समधून आपला दात काढला. प्रत्येक रोग्याला एकच दात मिळायचा. तो घरी जपायचा आणि दर खेपेला इथल्याच पाण्यात सोडायचा. पहिल्या खेपेला ताईचा दात मळकट, खरबरीत होता, आणि इतका फेस आला की ग्लास उतू गेला. दुसऱ्या खेपेला कमी, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. आज ताईने फुंकर मारली, दात सोडला, तो टुपकन तळाशी जाऊन बसला आणि गप्प राहिला. आता तो चांगला चकचकीत, तपकिरी, नितळ दिसत होता.

"दात शांत झाला!" दंतगुरू गरजले. "विष संपलं! मावशी, शंभर टक्के बऱ्या झालात. आता सुया कशाला टोचून घेता?"

बोलता बोलता ते भरभरून हसले, आणि डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. दाढी वाढली होती, वेश बदलला होता, आवाजही खर्जात गेला होता. पण वरचा डावा सुळा जागच्या जागी पाठ फिरवून बसलेला, आणि खालच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला. बाई चेहरे विसरत, नावं विसरत, चष्मा कुठे ठेवला तेही विसरत. दात मात्र त्या कधीच विसरल्या नव्हत्या.

हा तर शाळामास्तर! दीड वर्षापूर्वी वही घेऊन घरी आला होता. "मुलांना शार्कविषयी शिकवायचंय, थोडी माहिती द्याल का?" बाईंची तर दिवाणखान्यापासून जी गाडी सुटली, ती बाथरूममध्येच थांबली. दातांना चिकटलेली चुनखडी कशी काढायची, तर सौम्य आम्लात बुडवायचं. चुनखडी विरघळते, बुडबुडे येतात, आणि सगळी निघून गेली की बुडबुडे थांबतात. दाताला विशेष काही होत नाही. त्यांनी व्हिनेगरच्या भांड्यात प्रत्यक्ष करून दाखवलं. तेव्हा मास्तराने एक फारच हुशार प्रश्न विचारला होता. "ह्याला वास येतो हो. बिनवासाचं काही नाही का?" बाई खूश झाल्या. "लिंबाचं सत्त्व चालतं की!" म्हणाल्या, आणि जाताना न साफ केलेल्या, तुटक्या दातांचं एक आख्खं खोकं मुलांसाठी म्हणून त्याच्या हातात ठेवलं.

आता ते आठवून त्यांचे कान तापले. पण त्याच्याशी वाद घालण्याआधी ताईच्या सुयांची चौकशी करायला हवी होती.

घरी येताच त्यांनी फ्रीज उघडला. इन्शुलिनची पेटी जशीच्या तशी होती.

"ताई, शेवटची सुई कधी घेतलीस?"

"झाले असतील आठ-नऊ दिवस. फेस कमी झाला, तेव्हा मीच म्हटलं, कशाला?"

"नऊ दिवस! पाणी किती पितेस? परवापासून तांब्यावर तांबे रिचवतेयस. आणि हा अंगठा बघ, काळपट पडतोय. तो इस्पितळातला डॉक्टर काय म्हणाला होता? साखर ताब्यात ठेवली नाहीत तर बोट कापावं लागेल."

"तू दाताची डॉक्टर. अंगठ्यातलं तुला काय कळतं?"

बाईंनी तिला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, खाणीतला एक मळका दात काढला आणि व्हिनेगरमध्ये टाकला. बुडबुडे आले. ताईने नाक दाबलं. "हे तुझं घाणेरडं पाणी. त्यांचं पाणी स्वच्छ असतं, वाससुद्धा येत नाही. उगीच एका साधुपुरुषाची बरोबरी करू नकोस."

"साखर तरी मोजू दे."

"अजिबात नाही. घरात बसून तू मला घाबरवणार. जे काय बोलायचं ते त्यांच्या तोंडावर बोल. खोटे ठरले तर मी मुकाट सुई घेईन. पण ते खरे ठरले, तर सगळ्यांदेखत त्यांची माफी मागायचीस."

"उद्याच," बाई म्हणाल्या. वरवर ठामपणे म्हणाल्या, पण ताई झोपायला गेल्यावर त्यांना रडू फुटलं. ताईचं बोट गेलं तर त्यात आपलाही हात असेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

रविवारी सकाळी ताई पहिल्या रांगेत जाऊन बसली. बाई मात्र उशिरा आल्या, आणि आल्या त्या ओळखू येणार नाहीत अशा. डोक्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गालात कापसाचे दोन जाडजूड बोळे. गाल असा फुगला होता की बघणाऱ्याचीच दाढ दुखावी. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बोळे कोंबणाऱ्या बाईला आज त्यांची चव कळली.

"काय होतंय आजींना?" दंतगुरूंनी विचारलं.

"हाह... हुखते..."

"दाढ! अहो, दाताचं दुःख दाताशिवाय कोण जाणणार? मारा फुंकर!"

बाईंनी तीनदा फुंकर मारली. दंतगुरूंनी परडीतून एक खरबरीत दात उचलून ग्लासात सोडला. भसाभसा फेस आला.

"अरे बापरे! चाळीस वर्षांचं साठलेलं विष! सेवक, सांभाळून उचला, फार जहाल आहे!"

हातमोजेवाले धावले. पण त्यांच्याआधी बाईंनी ग्लास उचलला, गालातून एक बोळा काढला, दुसरा काढला, ते टेबलावर नीट ठेवले आणि ग्लासातलं निम्मं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

कुणीतरी किंचाळलं. शिंपीकाका मटकन खाली बसले. ताई ओरडली, "अगं, अगं, काय केलंस हे!"

बाईंनी तोंड पुसलं. "आंबट आहे," त्या म्हणाल्या. "साखर-मीठ घातलं असतं तर छान सरबत झालं असतं."

मफलर उतरला, चष्मा उतरला. दंतगुरूंनी त्यांना ओळखलं, आणि तो पाठ फिरवलेला सुळा झाकण्यासाठी ओठ घट्ट मिटून घेतले. पण माणूस तयारीचा होता. "भक्तहो, घाबरू नका! विष लगेच चढत नाही. दहा मिनिटं लागतात! बिचारीसाठी प्रार्थना करा."

"छान. मग दहा मिनिटं थांबू," म्हणत बाई एका सोफ्यावर बसल्या. प्लॅस्टिक चुरचुरलं. भिंतीवर विक्रीचीच पाच-सहा घड्याळं होती, त्यातलं एक चालू होतं. तीनशे डोकी त्या घड्याळाकडे वळली. "तेवढ्यात वेळ घालवायला काहीतरी बोलते. शिंपीकाका, जरा इकडे या. हे ग्लास ज्या मोठ्या जगातून भरतात ना, काचेच्या त्या भांड्यातलं पाणी नव्या ग्लासात ओता. नाही, फुंकर मारू नका! कुणीही मारू नका."

शिंपीकाकांनी पाणी ओतलं. बाईंनी पर्समधून चुनखडीचा खडा काढला. "हा खाणीतला खडा. ह्याला दात म्हणणार नाही ना कुणी?" तो पाण्यात टाकला. फेस आला, तोही भरपूर.

"आता सांगा, काका, हे विष कुणाचं? दगडाला गुडघेदुखी आहे?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दंतगुरू म्हणाले, "दगडातही प्राण असतो!"

"असेल. पण मग धडधाकट सेवकाच्या ग्लासात फेस का येत नाही? त्या परडीतला स्वच्छ दात वेगळा ठेवलाय म्हणून. काका, ह्या पाण्याला जिभेचं टोक लावा. मी प्यायले, अजून बसलेय. किती झाली?"

"साडेतीन मिनिटं," कुणीतरी आवाज दिला.

शिंपीकाकांनी डोळे मिटले, बोट बुडवलं, चाटलं. त्यांचा चेहरा आंबट झाला. "लिंबू!"

"लिंबाचं सत्त्व. आणि हे दात नागाचे नाहीत, शार्कचे आहेत. चुनखडीत पुरलेले, म्हणून चुनखडीने माखलेले. आम्लात चुनखडी फसफसते. दर खेपेला थोडी थोडी विरघळते, म्हणून दर खेपेला फेस कमी. शेवटी दात स्वच्छ होतो आणि फेस थांबतो. रोग संपलेला नसतो हो, दाताला चिकटलेला दगड संपलेला असतो!"

"खोटं!" पहिल्या रांगेतून ताई उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "इतरांचं मला माहीत नाही. पण माझा दात शांत झालाय आणि मी बरी आहे. आण ते तुझं यंत्र. मोज साखर! सगळ्यांसमोर मोज, म्हणजे तुझंच तोंड बंद होईल."

दंतगुरू घाईघाईने म्हणाले, "मावशी, यंत्राने श्रद्धा मोजू नये—"

"मोजू दे हो, महाराज. तुम्ही शंभर टक्के म्हणालात ना?" ताईने बोट पुढे केलं. तिचा विश्वास खरा होता, म्हणूनच ती भीत नव्हती. बाईंनी पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं. टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आणि आकडा न वाचता यंत्र ताईच्याच हातात दिलं.

ताईने ते लांब धरलं, जवळ धरलं. मग शिंपीकाकांना दिलं. काकांनी मोठ्याने वाचलं, "चारशे बारा."

त्या दुकानात मधुमेहाचे पुष्कळ रोगी होते. चारशे बारा म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ताई हळूच मागे सरकली आणि सोफ्यावर बसली. कितीतरी बायकांनी आपापल्या पर्समधले दात काढून हातावर घेतले आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"दहा मिनिटं झाली," मागून कुणीतरी सांगितलं. बाई जिवंत होत्या. दंतगुरू मात्र टेबलामागे नव्हते. मागचं दार उघडं होतं, आणि आकाशी रेशमी वस्त्र त्याच्या कडीला अडकून लोंबत होतं. हातमोजेवाले दोघे एकमेकांकडे बघत होते.

"त्याला हे सगळं आलं कुठून पण?" शिंपीकाकांनी विचारलं.

इथे गप्प राहणं बाईंना सहज जमलं असतं. लोक त्यांच्याकडे मोठ्या आदराने बघत होते, आणि आदर कुणाला नको असतो? "माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं. दातही मीच दिले. मास्तर म्हणून आला, दोन तास एकही जांभई न देता माझं ऐकत बसला. माझ्या दातांविषयी एवढं कुणी ऐकून घेत नाही हो. मी भुलले. कुठल्या शाळेत शिकवता, एवढंसुद्धा विचारलं नाही."

"म्हणजे चूक तुमचीपण आहे," काका म्हणाले.

"आहे. म्हणून तर सांगते, कुणी कितीही गोड बोललं, कितीही चमत्कार दाखवले, तरी विचारत जा. हे पाणी का पिऊ देत नाही? फुंकर न मारता टाकलं तर काय होईल? आणि ज्याला प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती आपलं दुखणं देऊ नका. औषध तर कुणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनाने बंद करू नका. आज ज्यांनी ज्यांनी गोळ्या-सुया सोडल्या असतील, त्यांनी इथून थेट आपल्या डॉक्टरकडे जा. मला नंतर शिव्या द्या."

काहींनी तिथेच दिल्या. बाईंनी त्या ऐकून घेतल्या आणि ताईला घेऊन रिक्षात बसल्या.

इस्पितळाजवळ आल्यावर ताई म्हणाली, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"केली. तुझं बोट जाईल म्हणून मला फार भीती वाटली, ताई. अजूनही वाटतेय."

ताईने रिक्षाबाहेर पाहिलं. मग धाकटीचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि तिथेच धरून ठेवला.

तरुण डॉक्टरने अंगठा पाहिला, दाबून पाहिला, वास घेतला, रक्त तपासायला पाठवलं. इन्शुलिन लगेच सुरू करा म्हणून नर्सला सांगितलं. ताई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"बोट वाचेल का?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"आत्ता सांगता येणार नाही, आजी. आणखी आठवडाभर उशीर केला असतात, तर नक्की गेलं असतं. आता साखर उतरवू, जखम रोज साफ करू आणि चार दिवसांनी बघू. काळेपणा वाढला नाही, तर मी म्हणेन आशा आहे. वाढला, तर तेही सांगेन."

"म्हणजे शंभर टक्के नाही?"

"नाही."

आता ही उठून निघते की काय, असं बाईंना वाटलं. ताईने त्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग धाकटीकडे वळली.

"हा बरा दिसतो," ती म्हणाली. "ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, आणि कशावरून कळेल तेही सांगतो."

मग तिने नर्सकडे तोंड केलं आणि सुईसाठी पोटावरचा कपडा बाजूला सारला. "टोच गं बाई. आधीच नऊ दिवस वाया गेलेत."